दीपालीचे फोटो

होळी झाली, नाटकांचा मोसम संपला आणि वडशाच्या आरिफने स्टुडिओतला जुना कॉम्प्युटर विकायला काढला. कुरखेड्याचे देवाजीभाऊ टायपिंग क्लाससाठी तो नेणार होते.

"डिलीट मारून देऊन टाका ना," शाजिया नवऱ्याला म्हणाली.

"डिलीटनं नुसतं नाव जाते. फोटो आतच राह्यते, कोणीबी काढू शकते. गावातल्या बायापोरींचे फोटो हायेत यात. पूर्ण डिस्कवर दुसरं काही भरलं, तरच ते मिटते." त्यासाठी त्याने डिस्क पुसणाऱ्या प्रोग्रामची एक फ्लॉपी आणली होती. ती कशी चालवायची तेही तिला दाखवलं.

पण पुसण्याआधी त्याने एका फोल्डरची सीडी करून कपाटात ठेवली. फोल्डरवर नाव होतं दीपालीचं. दीपाली म्हणजे नाटक कंपनीची नायिका. हिवाळाभर पोस्टरच्या फोटोंसाठी ती स्टुडिओत यायची. तिच्या चेहऱ्यावर उजेड नीट पडावा म्हणून आरिफ किती वेळा दिवा सरकवायचा, हे शाजियाने पडद्याआडून पाहिलं होतं. तिचा स्वतःचा फोटो काढताना त्याने कधी दिवा सरकवला नव्हता.

"बाकी कोणाची सीडी नाई केली. तिचीच काऊन?"

"काम हाये," एवढंच बोलून तो नवा कॉम्प्युटर आणायला स्टेशनवर गेला.

शाजियाने दुकानाचं दार लोटलं आणि फोल्डर उघडला. पोस्टरचा एकही फोटो त्यात नव्हता. रंग न लावलेली दीपाली होती. मानेवर बोटांचे वळ. काळीनिळी पाठ. मनगटावर डागल्याची खूण.

शाजियाचा हात माउसवरच थांबला. तिला वाईट वाटलं, पण मनातली आग काही विझली नाही. ही पाठ हिने माझ्या नवऱ्याला दाखवली. आणि त्याने मला एका शब्दाने सांगितलं नाही.

तेवढ्यात दार ढकलून दीपालीच आत आली. स्क्रीनकडे बघून ती जागीच थबकली.

"भाभी, तुमाले दादानं सांगतलं?"

"नाई. मीच उघडलं."

दीपाली स्टुलावर बसली. "नवऱ्यावर केस टाकून राह्यली मी. वकिलानं फोटो मागतले, त्याचीच सीडी न्याले आली. कंपनीत समजलं तर पुढच्या साली मले कोण घेईल? म्हणून दादाले म्हटलं, घरीबी सांगू नका."

शाजियाने कपाटातून सीडी काढून तिच्या हातात ठेवली. मग फ्लॉपी घातली, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. स्क्रीन काळी झाली. पुसल्याचा आकडा हळूहळू चढू लागला.

"आता कोणालेच नाई दिसणार?"

"कोणालेच नाई."

शाजियाने चहा टाकला. आकडा पूर्ण होईपर्यंत दीपाली तिथून उठली नाही.

आरिफ खोकं घेऊन आला तेव्हा ती नुकतीच गेली होती. दोन कप आणि बंद स्क्रीन पाहून तो काय समजायचं ते समजला.

"तिनं नको म्हटलं होतं," तो म्हणाला.

"मालूम हाये."

त्याने शब्द पाळला याचा तिला अभिमान वाटला. तो शब्द दुसऱ्या बाईला दिलेला होता, हे मात्र सलत राहिलं. ती खोक्याच्या दोऱ्या सोडायला बसली.

"हा लावून झाला की पहिला फोटो माझा काढा," ती म्हणाली. "आन दिवा नीट लावा."