तळाचं प्लास्टिक

कॉम्प्युटर संध्याकाळच्या आत धड चालला, तर सानियाचा फायदा मोठा होता. सोमाटणे फाट्यावर पहाटे कंपनीच्या बसची वाट बघायला नको, पॅकिंगला दिवसभर उभं राहायला नको. घरी बसून लग्नाचे व्हिडिओ जुळवायचे. सुदुंबऱ्याच्या कोंडाजींच्या नातीचं लग्न ही तिची पहिली ऑर्डर, आणि व्हिडिओ आजच लग्नानंतरच्या पूजेला मोठ्या पडद्यावर दाखवायचा होता. अब्बांनी बजावलं होतं, "जमलं तर ठीक. नाहीतर सोमवारपासून कंपनी."

अब्बांचा, म्हणजे बद्रुद्दीन यांचा, फायदा वेगळा. त्यांना नव्या वस्तूंची खोकी उघडायला मिळाली. वस्तू जपावी ती त्यांनीच. सोफ्यावर अजून दुकानातलं प्लास्टिक होतं. पाहुणा उठला की शर्ट पाठीला चिकटलेला. रिमोट पिशवीत. त्यांची बायको शहनाज म्हणायची, "मलाही घाला एखाद्या पिशवीत, टिकेन."

सानियानं जुना प्रोसेसर काढून नवा बसवला, त्याची उष्णता वर पोचवणारी पेस्ट लावली, पाणी पिऊन आली आणि प्रोसेसर गार ठेवणारा नवा पंखा वर कसला. बटण दाबलं. पंखे फिरले, पडद्यावर चित्र आलं, आणि व्हिडिओ उघडेपर्यंत सगळं बंद. परत दाबलं. परत तेच.

मामेभाऊ जुनेद तळेगावात कॉम्प्युटरच्या दुकानात. त्याला फोन लावला.

"रॅम काढून परत बसव."

"बसवली."

"दुसऱ्या खाचेत बघ."

"तेही केलं, जुनेदभाई."

"पंख्याच्या तळाचं प्लास्टिक काढलंस ना? बरेच जण विसरतात."

"सगळ्यात आधी तेच काढलं. माझ्या हातानं."

"मग पॉवर सप्लाय गेला असेल," जुनेद म्हणाला, पण त्याच्या आवाजात काही दम नव्हता.

अब्बा तेवढ्यात बाहेर मीटर बघत होते. आत येऊन म्हणाले, "लाइट बरोबर आहे. तूच काहीतरी उलटं बसवलंस."

सानियानं पुन्हा सुरू करून नुसतं तापमान बघितलं. आकडा सरसर चढत होता. शहनाजनं पंख्याखालच्या पत्र्यांना बोट लावलं. "तापलाय म्हणतोय, आणि हे तर गारढोण आहे."

सानिया आईकडे बघत राहिली. खाली आग, वर गार. मधे कोण बसलंय? तिनं बंद केलं, स्क्रू काढले आणि पंखा उलटा केला. तळाला प्लास्टिक होतं. नीट, चारी कोपरे जुळवून चिकटवलेलं.

"मी काढलं होतं," ती म्हणाली. आता तिचा तिच्यावरच भरवसा राहिला नव्हता.

"काढलं होतंसच की," अब्बा म्हणाले. "टेबलावर पडलेलं. तू पाणी प्यायला गेलीस तेव्हा मी परत लावलं. पंख्याच्या तळाचं नवं तांबं, चरे पडले असते."

शहनाज स्वयंपाकघरात गेली. तिथून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता.

प्लास्टिक निघालं, पेस्ट नव्यानं लागली, कॉम्प्युटर चालला. पण तिघं सुदुंबऱ्याला पोचले तेव्हा पूजा उरकली होती आणि भाड्याचा पडदा परत गेला होता. मग कोंडाजींच्या घरच्या टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला.

कोंडाजींनी डोळे बारीक केले. "पोरी, लगीन तर हितं झालं. ह्ये लोनावळ्याचं धुकं कुटनं आलं?"

सानिया गोंधळली. "आबा, घरी स्वच्छ दिसत होतं."

"न्हाई जमलं तुला. ऱ्हाऊ दे."

 बद्रुद्दीन यांची नजर टीव्हीच्या कोपऱ्यावर होती. तिथं प्लास्टिकचा पापुद्रा सुटून आत बुडबुडे धरले होते. ते बघायला त्यांच्यासारखाच डोळा लागतो. त्यांचा हात पुढे झाला, मागे आला. मग ते उठले आणि कोपरा धरून त्यांनी सगळा पापुद्रा ओढून काढला.

"आरं भाऊ, नवा हाय त्यो," कोंडाजी कळवळले.

"माझंही नवंच होतं, आबा."

पडद्यावर नवरी लख्ख उभी राहिली. कोंडाजी शेवटपर्यंत बघत बसले. मग म्हणाले, "धाकटीचं बी तूच कर."

आता हिशेब. सानियाची कंपनीची बस टळली. कोंडाजींनी टीव्हीचा पापुद्रा घडी घालून कपाटात ठेवला, तेव्हा त्यांचं नुकसान धरता येत नाही. शहनाजनं घरी आल्या आल्या सोफ्याचं प्लास्टिक टराटरा फाडलं, आणि बद्रुद्दीन दारात चपला हातात घेऊन ते बघत उभे राहिले. नुकसान भरलं ते त्यांनी एकट्यानं.