थॉर्नवेलच्या बागेतल्या साड्या

पडद्यावर एक बाई चकाकत्या पायऱ्या उतरून आली, हातातलं पाकीट फोडलं, हसली, आणि म्हणाली, या वर्षीचा सर्वोत्तम

फिरतंय.

पडद्याच्या मधोमध पांढरं चाक फिरतंय आणि नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या तिसऱ्या मजल्यावर सगळे श्वास रोखून बसलेत. २००७ सालचा डिसेंबर, रविवारची सकाळ. तिकडे अमेरिकेत शनिवारची रात्र आणि व्हिडिओ गेमांच्या बक्षिसांचा सोहळा. इकडे मिसळ, पाव, कांदा, आणि जेमतेम चालणारं इंटरनेट. चित्र जरा पुढे सरकतं की पुन्हा अडतं. ते अडलंय तोवर वेदिकाने मिसळीला हात का लावला नव्हता ते सांगून घेऊ.

हे ऑफिस म्हणजे अमित सरांची छोटी कंपनी. परदेशातल्या मोठ्या कंपन्या गेम बनवतात, त्यांतली घरं, झाडं, भांडी, भिंती इथली पोरं संगणकावर घडवून पाठवतात. वेदिका दिंडोरीची, द्राक्षवाल्याची मुलगी. कॅनडाच्या एका कंपनीने ‘थॉर्नवेल’ नावाच्या गेमसाठी जुन्या फ्रान्समधल्या किल्ल्याखालचा द्राक्षमळा मागितला, तेव्हा तो आपसूक तिच्याकडे आला. नमुन्याचे फोटो त्यांनी पाठवले होते, पण ते हिवाळ्यातले. नुसते काळे खुंट. म्हणून तिने घरच्या बागेचे फोटो काढले आणि मन लावून मळा उभा केला. वेलींची पिळवटलेली खोडं, तारा, पानांवरची धूळ. आणि पश्चिमेच्या कडेला, ऊन लागू नये म्हणून बांधलेल्या जुन्या सा

सुटलं!

सर्वोत्तम ध्वनीचं बक्षीस होतं. एक म्हातारा वर आला. गेममधल्या पावलांचे आवाज करणारा. बर्फावरचं पाऊल वेगळं, ओल्या बर्फावरचं वेगळं, दमलेल्या माणसाचं ओल्या बर्फावरचं आणखी वेगळं. त्याने माइकवर बोटांनी करून दाखवलं तेव्हा हालचालींचं काम करणारा दिनेश खुर्चीवरून उठूनच उभा राहिला. “आयला! सर, हा माणूस बोटांनी चालतोय!”

“बस खाली, दिन्या. मागे काका-काकू बसलेत,” सर म्हणाले.

मागे पुंजानाना आणि चंद्रभागाबाई बसले होते, म्हणजे वेदिकाचे आईवडील. शनिवारी घरी आलेल्या लेकीला पिकअपमधून सोडायला आले, आईला पुढे रविवार कारंजाच्या बाजारात खरेदी होती. सरांनी आग्रहाने वर बोलावलं. नाना टोपी मांडीवर ठेवून, बँकेत बसल्यासारखे बसले होते.

मग नव्या गेमांच्या घोषणा सुरू झाल्या. पाण्यात बुडत चाललेलं शहर आलं. नायिका गुडघाभर पाण्यातून चालली तर मागे गाळ ढवळून वर आला आणि सावकाश खाली बसला. कुणीतरी बसून तो गाळ खाली बसवला होता! मग एक घोडा आला. माळावर उभा होता, काही करत नव्हता.

“माशी,” नाना एकदम म्हणाले.

“काय नाना?”

“माशी हाकलली त्यानं. कातडी थरथरवली नि मग शेपूट. बघितलं का? कुनी सांगितलं व्हतं त्याला? लय भारी हाय हे.” नाना खुर्चीसकट पुढे सरकले. “बैलाचा नाय का येक?”

“नाना, तुम्ही आमच्याकडे कामालाच या,” दिनेश म्हणाला. “आम्ही सटाण्याचे. आम्हाला कांद्यापलीकडे काय दिसत नाही.”

फिरतंय.

तर साड्या. दिंडोरीत बागेला साडी असतेच. ऊन मारतं, वारा मारतो, म्हणून कडेने जुन्या साड्या बांधायच्या. वेदिकाला बाग म्हटली की खोड, तार, साडी, असंच दिसायचं. फ्रान्समध्ये बागेला साडी नसेल हे तिच्या मनालाही शिवलं नाही. मजा म्हणजे दिनेशलाही नाही आणि अमित सरांनाही नाही. सगळे नाशिककडचे. साड्या बांधलेल्या बागांवरून जन्मभर गेलेले. सगळ्यांनी मळा पाहिला, वाहवा केली आणि पाठवून दिला.

आठ दिवसांपूर्वी सर कुणाच्या तरी घरी गेले. भिंतीवर परदेशी कॅलेंडर, त्यावर फ्रान्सचा द्राक्षमळा, आणि साडी एकही नाही. सर कॅलेंडरकडे बघत राहिले आणि तसेच चहा न पिता उठून आले. साड्या काढून नवी फाइल धाडली. कॅनडाहून उत्तर नाही. सोहळ्यात थॉर्नवेलची झलक दाखवायची होती, त्या घाईत जुनी लागली की नवी, कुणालाच ठाऊक नव्हतं.

“जुनी लागली असली,” सर तिला म्हणाले होते, “तर ते विचारणार, हे कुणी केलं. मला नाव द्यावं लागेल, वेदिका. हे काम गेलं तर ऑफिस चालत नाही.”

ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. ते डोळे चोळत बोलले होते.

सुटलं. आणि थेट त्यांचंच.

काळा पडदा, घंटा, मोठ्या अक्षरांत थॉर्नवेल. एक जखमी शिपाई जळक्या गावातून पळतोय. ठिणग्या त्याच्या खांद्यावर पडून विझतात. “बाबौ,” दिनेश पुटपुटला. शिपाई चढ चढला, एका भिंतीला टेकला. भिंत ऑफिसातल्याच एका मुलीने केली होती. तिने तोंडावर हात घेतला. शिपायाने मान वर केली, समोर संध्याकाळचं ऊन, आणि उन्हात

फिरतंय.

“अगं बाई, आता काय झालं?” आई म्हणाली.

सर उभे राहिले, बसले. वेदिका टेबलाची कड घट्ट धरून होती.

उन्हात बाग होती. आणि साड्या होत्या.

सगळ्या, सातही. हिरवी, विटकी गुलाबी, जांभळी. ओळीने. सरांनी डोळे मिटले. वेदिकाला मात्र डोळे मिटता आले नाहीत, कारण साड्या हलत होत्या. तिने त्या नुसत्या बांधून पाठवल्या होत्या, लाकडासारख्या ताठ. तिकडे कुणीतरी एकेका साडीत वारा भरला होता. हिरवी फुगून खाली बसत होती. जांभळीचं एक टोक सुटलं होतं आणि ते शिपायाच्या तोंडावरून हलकेच फिरून गेलं. त्याने डोळे मिटले. चित्र संपलं. तिकडच्या सभागृहात टाळ्यांचा धबधबा.

चुकून राहिलेल्या वस्तूत कुणी वारा भरत बसत नाही. कुणीतरी तिथे रात्री बसलं असणार, तिच्यासारखंच.

“जांभळी माझी,” आई म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. “अगं ए! फाटकी साडी साऱ्या जगाला दाखवलीस? लोक काय म्हणतील?”

लोक काय म्हणत होते ते दिनेश दुसऱ्या संगणकावर वाचून सांगू लागला. गेमवेड्यांच्या चर्चेच्या पानावर ओळी धबाधबा पडत होत्या.

— ते झेंडे कुणाचे आहेत?

— घराण्यांचे. प्रत्येक घराण्याचा रंग वेगळा. उघड आहे.

— जांभळं घराणं युद्ध हरलंय. काठ फाटलाय बघा.

— तो वारा पाहून मला रडू का येतंय?

“काकू, तुमचं घराणं युद्ध हरलंय,” दिनेश म्हणाला.

“हरायला काय झालं? कुंपणात अडकून फाटली ती.”

तेवढ्यात मेल आला. कॅनडाच्या मुख्य दिग्दर्शिकेचा, बहुधा सभागृहातूनच. सरांनी मोठ्याने वाचला. तुमची दुसरी फाइल मिळाली होती, आम्ही मुद्दाम पहिलीच ठेवली. आता सगळे ते कापड काय आहे विचारतायत. थोड्या वेळात माझी मुलाखत आहे. काय सांगू? आणि कुणी केलं?

सर खुर्चीत सैल पडले. मग लगेच सरसावले. “झेंडे! घराण्यांचे झेंडे लिहू. त्यांनाही तेच आवडलंय. सात घराणी, आमची कल्पना. झालं!”

त्यांनी लिहायला घेतलं. वेदिका त्यांच्या मागे उभी होती. नोकरी वाचली होती. गप्प बसायचं होतं, बाकी काही नाही. पण जांभळीला हरलेलं घराणं म्हणायचं तिच्या जिवावर आलं. कुणी एवढा वारा भरला, त्याला आपण थाप द्यायची?

“सर, मी लिहू?”

“अगं, काय लिहिणार? अडाण्यासारखं आपल्याला ठाऊकच नव्हतं म्हणून?”

“हो. तसंच.”

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मागे बसलेल्या चंद्रभागाबाईंकडे पाहिलं, आणि खुर्ची सोडली.

तिने लिहिलं. या जुन्या साड्या आहेत. आमच्याकडे द्राक्षांना ऊन लागू नये म्हणून बांधतात. सगळीकडे बांधतात असं मला वाटलं, ती माझी चूक. जांभळी माझ्या आईची आहे. मी वेदिका. वारा ज्याने भरला त्याला माझा नमस्कार सांगा.

पाठवलं. पडद्यावर कुणाला तरी बक्षीस मिळत होतं, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, पण आता तिकडे एकट्या नानांचं लक्ष होतं. घोडा पुन्हा येतो का ते बघत होते.

उत्तर आलं, दोनच ओळी. ‘मी हेच सांगणार आहे, हे कुठल्याही झेंड्यापेक्षा छान आहे. पण मग बागेशेजारच्या घरात आम्ही कुणालाच ठेवलं नाही. जांभळी साडी जिची, ती बाई तिथे राहू दे. ती तुम्ही कराल का?’

दिनेशने टेबलावर अशी थाप मारली की मिसळीचा रस्सा सांडला. सरांनी चष्मा काढून पुसला आणि न घालताच ठेवून दिला. वेदिका आईकडे वळली आणि तिला सगळं समजावून सांगितलं: तू त्या गेममध्ये, बागेपाशी, चालणारी, बोलणारी.

“मला नको बाई त्यात घालू,” आई म्हणाली. “तिथं मारामाऱ्या चालल्यात.”

“तुला कुणी मारणार नाही.”

“तुझे नाना?”

“त्यांना घोडा देऊ.”

आईने अंगावरच्या साडीचा पदर हातात घेऊन उलटासुलटा बघितला.

“आणि घातलंसच,” ती म्हणाली, “तर बागेतलं काही नको. पेटीतली मोरपंखी नेसव.”