माझ्या चिरांतली माती

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. टेकून चालायची नव्हे, जमीन खणायची. माझा जन्म ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, नूनगार लोकांत झाला. ते तिथले मूळचे रहिवासी. माझी आताची मालकीण ग्लेनिस, तिच्या पणजीने मला तासले, टोक विस्तवात भाजून टणक केले आणि एका टेकडीवर माझ्याकडून कंदमुळे खणून घेतली. तिथली लाल माती माझ्या चिरांत घट्ट बसली. पुढे गोऱ्यांनी टेकडीला कुंपण घातले. माती माझ्यापाशी राहिली, टेकडी लोकांपाशी राहिली नाही. हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

ग्लेनिस नर्स झाली आणि मला घेऊन कुवेतला आली. १९९० च्या जुलैत सुट्टीवर मायदेशी जाताना तिने मला तिथल्या हवल्ली भागात, शेजारच्या प्रभाकडे ठेवले. प्रभाही तिच्याच हॉस्पिटलात नर्स, मूळची नाशिकची. ऑगस्टमध्ये इराकी फौजा शिरल्या. फोन बंद पडले, ग्लेनिस तिकडेच अडकली. वॉर्डात रोगी होते म्हणून प्रभा आणि तिचा नवरा शरद इथेच राहिले.

खंडेनवमीला प्रभाने घरातली हत्यारे पूजेला काढली. शरदची पक्कड, तिची कात्री आणि मी.

"पाहुणी झाली म्हणून काय पारोशी ठेवायची?" असे म्हणत तिने मला चिंचेने आणि काथ्याने खसखसून घासले. लाल पाणी मोरीत गेले. मग हळदकुंकू, वर प्लास्टिकचे फूल. मी गोंधळून गेले. एवढा मान मला कधी मिळाला नव्हता आणि एवढे उघडेही मला कोणी पाडले नव्हते.

हिवाळ्यात गॅस संपला. खुर्च्या जळाल्या, पाट जळाला. एक दिवस शरदने मला उचलले.

"ठेवा ती खाली."

"अगं, काठी आहे नुसती. खिचडी कच्ची आहे अजून."

"दुसऱ्याची ठेव आहे ती."

"मग काय जाळू? मला?"

"तुम्ही नुसता धूर कराल," प्रभा म्हणाली. तिने देव बिस्किटांच्या डब्यात ठेवले आणि रिकामा देव्हारा त्याच्या हातात दिला.

माझी माती धुणारी हीच, मला वाचवणारीही हीच. हिला काय म्हणावे?

लढाई संपली. तेलविहिरी जळत होत्या, भरदुपारी दिवे लावावे लागत. अशाच एका काळ्या दुपारी ग्लेनिस आली.

"आमच्या टेकडीवर वाळूची खाण काढतायत," ती म्हणाली. "माझी मावशी अधिकाऱ्यांपुढे बोलणार आहे. आमच्या बायका तिथं खणत होत्या, हे सांगताना ही तिच्या हातात हवी. माती दाखवायला."

प्रभाचा चेहरा उतरला. "ती माती... मी घाण समजून धुतली गं."

ग्लेनिसने माझ्या चिरांवरून बोट फिरवले. नखाला कुंकू लागले.

"विचारायचं तरी होतंस."

"फोनच बंद..." प्रभा अडखळली. "नाही. थांबायला हवं होतं मी."

"टेकडी वाचली तर माती पुन्हा लागेल," ग्लेनिस शेवटी म्हणाली. "मावशी तिथंच खणेल, अधिकाऱ्यांच्या देखत. तू फक्त चिंच पाठवू नकोस."

दोघी हसल्या की रडल्या, मला कळले नाही.

आता मी निघाले आहे. काय होईल, ठाऊक नाही. मित्रांनो, दुसऱ्याचे काही जपायचे असेल तर आधी त्याच्या माणसांना विचारा. आणि मला कुणी संग्रहालयाच्या काचेच्या कपाटात अगदी प्रेमाने ठेवू लागले, तर त्याला माझ्या टेकडीचे विचारा. टेकडीच गेली, तर मी कुठे खणू?