दीड कान

चावीवाल्यांना जगात कशाची चीड असेल, तर निष्काळजी माणसाची. बत्तीस वर्षं ते लोकांची अडकलेली दारं उघडून देत होते, आणि दार उघडता उघडता घरमालकाची बिनपाण्यानं करत होते. "पायपुसण्याखाली चावी ठेवता? मग कुलूप कशाला लावलंत, शोभेला?" बिचारा माणूस पैसे देऊन, वर बोलणी खाऊन आपल्याच घरात शिरायचा. दुसरा त्यांचा नेम असा, की कुलपाला हात लावायच्या आधी विचारायचं, "आत काय काय आहे, सांगा." खरा मालक फटाफट सांगतो, अगदी न धुतलेल्या भांड्यांसकट. चोर मात्र "सामान आहे" म्हणतो.

त्यांचं दुकान म्हणजे दोन खुर्च्या, मध्ये एक टेबल आणि भिंतीभर चाव्या. एका खुर्चीत ते कानस चालवत बसायचे, समोरच्या खुर्चीत त्यांची बायको, म्हणजे आपल्या काकू, चाव्यांना चिठ्ठ्या बांधत बसायच्या. काकूंना गेल्या सहा वर्षांत ऐकू येईनासं झालं होतं. कबूल करतील तर शपथ! "मला ऐकू येतं. लोकच हल्ली हळू बोलतात," असं त्या ठणकावून सांगायच्या. कानाच्या यंत्राचा विषय काढला की म्हणायच्या, "कशाला? वन्सं काय बोलतात ते ऐकायला?" वन्सं म्हणजे चावीवाल्यांची थोरली बहीण. त्यावर चावीवाले पुन्हा कानस उचलायचे, कारण मुद्दा बरोबर होता.

पण त्यांना वाईट वाटायचं. दुकानात गिऱ्हाईक काही बोललं की काकू आधी हसायच्या आणि मग नवऱ्याकडे बघायच्या, हसायचं होतं ना, अशा नजरेनं. शेवटी त्यांनी चावी कापायचं दुसरं यंत्र गुपचूप विकलं. पैसे आले ते एका कानापुरते. कानाची यंत्रं मात्र दोन हवी होती.

नेमके त्याच आठवड्यात ते दातांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी दाढ कोरता कोरता क्रिप्टोचं पुराण लावलं, त्यांचे कसे वर्षात दुप्पट झाले वगैरे. तोंड उघडं, जिभेवर कापूस, अशा अवस्थेत माणूस वाद काय घालणार? चावीवाले "आं" म्हणाले, डॉक्टरांनी तो होकार धरला, आणि उठवताना फोनमध्ये सगळं बसवूनही दिलं. अख्खा एक कान असा नाण्यांत गेला.

डॉक्टरांनीच त्यांना एका ऑनलाइन समूहात घातलं. नाव होतं 'नवशिक्यांचा कट्टा'. तिथली रीत अशी, की नुसता नमस्कार चालायचा नाही. आल्या आल्या आपण काय गमावलं ते लिहायचं, आणि त्यावरून नवख्यांना एक सल्ला द्यायचा. चावीवाल्यांनी ताठ मानेनं लिहिलं, "अजून काहीच नाही." तेवीस जणांनी एकच उत्तर दिलं, "थांबा."

कट्ट्याचा कारभार बघणारा माणूस स्वतःला काटकोन म्हणवायचा. अत्यंत खडूस. त्यानं चावीवाल्यांना सुनावलं, "बुडाले तरी शांत झोप लागेल एवढेच घाला. भाव दिवसातून दहादा बघू नका. फोनमधल्या पाकिटाचे बारा शब्द मिळालेत ना? फोन गेला तर ते बारा, त्याच क्रमानं, नव्या फोनमध्ये घातले तरच पैसे परत दिसतात. दुसरा मार्ग नाही. कागदावर लिहा, दोन ठिकाणी ठेवा, कुणाला सांगू नका. आणि इथं जो आपणहून मदतीला धावतो, तो चोर. मी कुणाला मदत करत नाही, म्हणून माझ्यावर विश्वास ठेवा."

पहिल्या सल्ल्याला उशीर झाला होता. दुसरा तर जमेचना. दिवसातून दहादा काय, वीसदा बघायचे, आणि रुपयापैशांत नाही, कानांत मोजायचे. "आज सव्वा कान." "अरे देवा, पाऊण कान!" एके दिवशी दीड कान झाला, तेव्हा त्यांनी एका गिऱ्हाइकाला चक्क न रागावता दार उघडून दिलं. गिऱ्हाईक घाबरून त्यांची तब्येत विचारत होतं.

पण कागदाचं वाचून मात्र त्यांचं डोकं सणकलं. चावी कागदावर लिहून घरात ठेवायची? म्हणजे पायपुसण्याखालीच की! बत्तीस वर्षं लोकांना शिव्या घातल्या त्या कशासाठी? त्यांनी शब्द पाठ करायचं ठरवलं आणि कागद गॅसवर धरून जाळला. वर कट्ट्यावर लिहिलं, "मी धंद्यातला माणूस आहे. चावी फक्त डोक्यात." काटकोननं उत्तरादाखल एक लांबलचक टिंबांची ओळ पाठवली.

बारा साधेसुधे इंग्रजी शब्द होते. टोमॅटो होता, लॅडर होती, अम्ब्रेला होती. कुलूप किंवा चावी एकही नाही, याचं त्यांना नवल वाटलं. रोज कानस चालवता चालवता ते सगळे ओळीनं पुटपुटायचे, आणि बारा संपले की शेवटी आपली एक मागणीही पुटपुटून टाकायचे. दुकानात दुसरं कुणी नसेल तेव्हाच, अर्थात. काकू होत्या समोर, पण त्यांना कुठं ऐकू येतंय! दोन महिन्यांत पाठांतर इतकं पक्कं झालं, की त्यांनी ते सोडून दिलं. आणखी तीन महिन्यांनी, गंजलेली कुलपं रॉकेलच्या ज्या डब्यात भिजत पडायची, त्या डब्यात त्यांचा फोन पडला. काढेपर्यंत फोनचा कारभार आटोपला होता.

नवा फोन आणला. बारा रिकाम्या चौकटी समोर आल्या. चावीवाल्यांनी ऐटीत टोमॅटो लिहिला, लॅडर लिहिली, आणि हात थांबला. पुढं काय? नऊ शब्द आठवत होते, तेही एकमेकांत मिसळलेले. मग सुरू झाली झटापट. न उघडणारं कुलूप नसतं, जरा कान देऊन ऐकलं की ते बोलतंच, ही त्यांची आयुष्यभराची श्रद्धा. दोन दिवस ते फोन घेऊन बसले. हा शब्द इथं, तो तिथं. फोन आपला "चुकीचे" म्हणत राहिला.

तिसऱ्या दिवशी नाक मुठीत धरून कट्ट्यावर लिहिलं. काटकोननं पहिल्यांदाच सौम्यपणे उत्तर दिलं, "काका, हे कुलूप बाहेरून उघडणारा अजून जन्मला नाही. आठवा. शांतपणे आठवा."

पाचव्या मिनिटाला एका टाय लावलेल्या फोटोचा खासगी निरोप आला. "सर, मी पाकीट तज्ज्ञ. कोणतेही पाकीट उघडतो. फी आधी." चोरच हा, हे काय कळत नव्हतं? पण माणूस घायकुतीला आला की कळतं ते वळत नाही. फी पाव कान होती. ती देऊन उरलेले हाती आले असते, तरी चाललं असतं. चावीवाल्यांचं बोट पैसे पाठवायच्या बटणापर्यंत गेलं, आणि बत्तीस वर्षांची सवय आड आली. त्यांनी विचारलं, "आत काय काय आहे, सांगा."

उत्तर आलं, "सर, आत आपली संपत्ती आहे."

"सामान आहे म्हणे, मेल्या!" चावीवाले ओरडले, आणि टायवाल्याला त्यांनी जे लिहिलं, ते इथं सांगण्यासारखं नाही. मग फोन टेबलावर आपटून ते दोन्ही हातांत डोकं धरून बसले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चाव्यांच्या भिंतीसमोर बसून चावीवाला रडतोय, याची त्यांना इतकी लाज वाटली, की आणखीच रडू आलं.

समोरच्या खुर्चीतून काकूंनी त्यांच्या हाताला हात लावला. "अहो, काय झालं?"

त्यांनी ओरडून ओरडून सगळं सांगितलं. यंत्र विकलं ते, दाढ, नाणी, डबा, बारा शब्द. "सगळं घालवलं गं मी!"

"ओरडू नका, मला दिसतंय," काकू म्हणाल्या. "ते शब्द म्हणजे, तुम्ही कानस मारताना म्हणायचात तेच ना? टोमॅटो, लॅडर, विंडो, लेमन..."

चावीवाल्यांचा जबडा खाली आला. "तुला ऐकू येत होतं?"

"काय यायचंय! सहा वर्षं झाली, मी माणसांची तोंडं बघतेय. तुमचं तर चोवीस तास समोर असतं."

चावीवाल्यांना दरदरून घाम फुटला. या सहा वर्षांत आपण समोर बसून काय काय पुटपुटलो असू! तिच्या भावाबद्दल, आमटीबद्दल. पण ती चौकशी नंतर. कागद ओढून ते लिहायला बसले. काकू एकेक शब्द सांगत गेल्या आणि सातव्याला अडल्या.

"हा नाही कळायचा कधी. तिथवर आलात की तुमच्या दातांत खिळा असायचा."

कुलपातले बारीक खिळे दातांत धरायची त्यांची जुनी खोड. मग चावीवाले उठले, एक कोरी चावी शिकंज्यात अडकवली, कानस उचलली, दातांत खिळा धरला आणि घासायला सुरुवात केली. टोमॅटो, लॅडर, विंडो. समोरून काकूंचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. सहा झाले. डोकं काही सांगेना, पण खिळ्याला वळसा घालून जीभच आपली पुढं गेली.

"पेन्शिल!" त्यांनी खिळा थुंकला आणि पुन्हा म्हणाले, "पेन्सिल!"

"पेन्सिल होय? मला वाटायचं शिंकताय," काकू म्हणाल्या.

बारा चौकटी भरल्या. फोननं जरा विचार केला आणि पाकीट उघडलं. आत एक कान आणि वर थोडं होतं. एवढी कसरत करून जिथून निघाले तिथंच! चावीवाले हसावं की रडावं अशा चेहऱ्यानं बसले.

"दोन्ही नाही गं जमले," ते म्हणाले.

"माहितीये. बारा झाले की शेवटी तुम्ही 'हिचे दोन्ही कान' म्हणायचात. रोज." काकूंनी फोन त्यांच्याकडे सरकवला. "म्हणून तर यंत्र कुठं गेलं ते विचारलं नाही मी. एकच आणा. उजवा. डावीकडं वन्संना बसवीन."

"आणि मी?"

"तुम्ही आहात तिथंच बसा, समोर."

त्या दुपारी चावीवाल्यांनी नाणी मोडली, आणि मग कट्ट्याच्या रीतीप्रमाणं गमावलेलं लिहायला बसले. बराच वेळ खाडाखोड करून त्यांनी लिहिलं, "गमावलं : अक्कल. परत मिळाली. नवख्यांना सल्ला : बारा शब्द कुणाला सांगू नका. कागदावर लिहा, आणि रोज बायकोसमोर पुटपुटा."

काकू उठून त्यांच्या खांद्यावरून वाचत होत्या.

"आणखी एक घाला," त्या म्हणाल्या. "तोंडातला खिळा काढून."