देवाच्या नावावर दिलेली धडक

मी पालखी बोलते आहे. मिनासे या कोळ्यांच्या गावातली, देवराईतल्या कापराच्या झाडापासून घडवलेली. शरदातल्या उत्सवात देव देवळातून माझ्यात येतो आणि गावचे गडी मला खांद्यांवर घेऊन झुलवतात. झुलता झुलता मी कुणाच्या घरावर आदळले, तर तो देवाचा कोप मानतात. नुकसान घरमालकाने सोसायचे. खांदेकऱ्यांना कुणी जाब विचारत नाही.

या समजुतीविषयी माझे मत वेगळे आहे. देवाने ओढल्याचे मला एकदाही जाणवलेले नाही. खांद्यांचा रेटा मात्र दरवेळी जाणवला, आणि कोणता खांदा कुणाचा, हे मला ठाऊक असते.

लहान देवळे मोडून मोठ्या देवळात विलीन करावीत, असा सरकारी हुकूम आला. लाकडाचा व्यापारी कुरामोची गिसाबुरो याने गावाच्या वतीने होकार दिला आणि देवराई स्वतःच तोडून नेली. टोफू विकणारी विधवा इने तेवढी झाडाला पाठ लावून बसली होती. तिला उचलून बाजूला ठेवले. माझे सारे गणगोत करवतीखाली गेले. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती: गिसाबुरोचे फाटक.

त्या शरदातल्या उत्सवात गडीही तेच फाटक फोडायचे ठरवून निघाले. पण फाटकाशी गिसाबुरो साकेचे, तांदळाच्या दारूचे, पिंप उघडून हसतमुख उभा होता, आणि बहुतेक गडी त्याच्याच वखारीतले. ते प्याले, वाकले आणि उरलेला सगळा आवेश घेऊन पुढच्या वळणावर, माझ्यासकट, इनेच्या दुकानात घुसले.

"देव कोपला, बाई," डाव्या दांड्याचा म्होरक्या तोराझो म्हणाला.

इने टोफूचा चिखल निपटत होती. "देवाला माझंच घर बरं सापडलं. तुम्ही मालकाच्या दारात पीत होतात, तेव्हा त्याचे डोळे मिटले होते वाटतं?"

तिचे दार माझ्या अंगाने मोडले होते. हा अपमान मी विसरले नाही. तोराझोही विसरला नसावा. त्या दुकानावरून जाताना तो मान वर करीत नसे.

वसंतात मला मोठ्या देवळात पोचवायचे ठरले. देवाला पुजाऱ्याने सकाळीच पुढे नेले होते. मी रिकामी निघाले. गिसाबुरोच्या घरासमोर डावा दांडा एकाएकी झुकला.

"देव ओढतोय," मागून एकजण सवयीने म्हणाला.

"देव तर सकाळीच गेला," रस्त्याच्या कडेने इने म्हणाली. "आत कोण आहे, उघडून दाखवा की."

तोराझो थांबला. "आत कुणी नाही. मी ढकलतोय. ऐकलंत ना, मालक? मी."

फाटकाचे एक दार कोसळले.

"उद्यापासून वखारीत पाऊल टाकायचं नाही," गिसाबुरो म्हणाला.

"बरं. आता जरा सरका, दुसरं दार अजून उभं आहे."

सध्या मी मोठ्या देवळाच्या कोठारात, श्रीमंत पालख्यांच्या रांगेत आहे. माझ्या शिखरावरच्या सोनेरी पक्ष्याचा एक पंख त्या धडकेत तुटला. त्याची मला खंत नाही. गिसाबुरोने पहिल्यापेक्षा जाड फाटक बसवल्याचे कानावर आले आहे. मला पुन्हा त्या रस्त्याने न्या, एवढीच विनंती. मात्र निघताना देवाला घरीच राहू द्या.