उत्तराची खुर्ची

बाळांनो, जरा डोळ्यांपुढे आणा. एक लांबट वर्ग. खिडक्या उंच, बाकांवर आधीच्या पोरांनी कोरलेली नावं, एक पंखा कुरकुरत फिरतोय. फळ्यावर लिहिलंय, ‘वार्धक्याचं समाजशास्त्र’. म्हणजे माणूस म्हातारा होत जातो, तेव्हा घर, गल्ली, कचेरी त्याच्याशी कशी वागते, याचा अभ्यास. आणि दुसऱ्या बाकावर, विशीतल्या पोरापोरींच्या मधोमध, पांढऱ्या केसांची एक आजी. तिला खेटून तिची सात वर्षांची नात, कारण त्या दिवशी शाळेला सुट्टी. नातीचे पुढचे दोन दात नुकतेच पडलेले.

आता त्या आजीच्या जागी बसून बघा.

हिने उभी हयात शाळेचे गणवेश शिवले. हिच्याकडे मापं दिलेली पोरं बघता बघता कॉलेजात गेली, ही मात्र शिवणयंत्रापाशीच. शिवण सोडलं आणि थेट कॉलेजात नाव घातलं.

मुलगा हसला होता. "आई, म्हातारपण शिकायला कॉलेज कशाला? ते घरबसल्या येतंय की."

"ताप पण घरबसल्या येतो," आजी म्हणाली. "म्हणून तापलेला प्रत्येक जण डॉक्टर होतो का रे?"

त्यावर तो वर्तमानपत्र वाचायला लागला. कालचं होतं, तरी वाचलं.

या वर्गाची एक रीत होती. फळ्याजवळ एक खुर्ची ठेवलेली असे. शिकवणाऱ्या मॅडम तिला उत्तराची खुर्ची म्हणत. दर आठवड्याला बाहेरचं कुणीतरी वयस्कर माणूस येऊन तिथं बसे, आणि ज्याची पाळी असेल तो विद्यार्थी त्याला प्रश्न विचारी. आज पाळी आजीची होती. आठवडाभर भांडी घासताना, कपडे वाळत घालताना ती प्रश्न घोळवत होती. आज येणार होते एक निवृत्त पोस्टमन. ऐनवेळी त्यांचा निरोप आला, कंबर धरली आहे, येणं जमत नाही.

मॅडमनी वर्गावर नजर फिरवली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"आजी, मग तुम्हीच या ना खुर्चीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला?"

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावरच्या कुरळ्या केसांच्या पोरानं तर रेकॉर्ड करायला मोबाइल काढून विचारूनही टाकलं, "आजी, तुम्हाला एकटं वाटतं का हो?"

आजी उठली नाही.

"नाही बाई," ती म्हणाली. "मी कळसा नाही. मी इथं पाणी भरायला आलेय."

दोघं-तिघं हसले. मग हसू आपोआप विरलं.

"अहो, पण तुमचा अनुभव..." मॅडम म्हणाल्या.

"तो कुठं पळून जात नाही. पण आज विचारायची पाळी माझी आहे. तेवढी मला हवी."

"आजी, कशाला ताणताय?" कुरळ्या म्हणाला. "फुकट तास जाईल."

"वर्गात मी तुझी आजी नाही रे बाबा. हजेरीत तुझ्या खालचंच नाव माझं आहे." तिनं तळहात बाकावर घट्ट दाबला. "दवाखान्यात जावं, बँकेत जावं, सगळे म्हणतात, आजी, तुम्ही बसा. आणि पुढचं सगळं माझ्या मुलाशी बोलतात. मला काही विचारायचं असेल, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. म्हणून तर इथं आले. इथंही मला खुर्चीतच बसवणार?"

मॅडम नरमल्या, पण नियम तो नियम. "हे शेवटचे तास आहेत. आज खुर्ची रिकामी राहिली तर तुमची पाळी बुडेल. तिचे गुणही."

ते गुण आजीला हवे होते, अगदी मनापासून.

"बुडू दे," ती म्हणाली. "त्या खुर्चीत मी बसायची नाही."

"मॅडम," नात म्हणाली, "त्या खुर्चीत म्हातारंच माणूस लागतं का?"

"आपला विषय वय वाढण्याचा आहे ना, बाळ."

"माझंही वाढतंय की."

असं म्हणून ती बाकावरून उतरली, सरळ चालत गेली आणि खुर्चीवर चढून बसली. पाय जमिनीला पोचेनात, म्हणून तिनं ते एकमेकांत अडकवले. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, आणि हातातला खडू ठेवून त्या गुपचूप मागच्या बाकावर, कुरळ्याशेजारी जाऊन बसल्या.

आजी उभी राहिली. पोस्टमनसाठी घोळवलेला पहिलाच प्रश्न तिनं जसाच्या तसा विचारला. "तुमचं वय वाढलं, तसे घरचे लोक तुमच्याशी वेगळं वागायला लागले का?"

नातीनं दातांच्या रिकाम्या जागेतून जीभ फिरवली. थोडा विचार केला.

"हो," ती म्हणाली. "आता मला कुणी कडेवर घेत नाही. आणि ते बंद करायच्या आधी मला कुणी विचारलंसुद्धा नाही."