गाडीवरची हिरवी पिशवी

"सरक जरा, तिची वाट अडवू नकोस," बाबा म्हणाले.

मी पाय पोटाशी घेतले. बुटांच्या खोक्याएवढी ती गाडी फरशीवरून खुरडत आली. पुढे गिटारच्या तारेच्या दोन मिश्या. कशाला टेकल्या की गाडी वळते. डोक्यावर पत्र्याच्या झाकणाची वाटी आणि तिच्यात ऊब ओळखणारा मणी. समोर माणूस असला की गाडी थांबते, दिवा लावते. जन्मभर तैवानच्या कीलुंग शहरातल्या लिफ्ट दुरुस्त केलेल्या बाबांनी हे सगळं घरी बनवलं होतं, खुर्चीतून उठू न शकणाऱ्या आईला गोळ्या पोचवायला. आई गेल्या हिवाळ्यात गेली.

गाडी माझ्या गुडघ्याजवळून सरळ पुढे गेली आणि आईच्या रिकाम्या खुर्चीसमोर थांबली. दिवा लागला.

माझ्या अंगावर काटा आला. बाहेर पावसाची झड, खोली गारठलेली. खुर्चीला हात लावून पाहिला. थंडगार.

"रोज हेच करते," बाबा खुशीत म्हणाले. "म्हणून सांगतो, खुर्ची न्यायला कुणाला बोलावू नकोस."

भंगारवाला संध्याकाळी यायचा होता. मीच बोलावलं होतं. रिकाम्या खुर्चीशी गप्पा मारणारे बाबा मला बघवत नव्हते.

"काहीतरी सैल झालं असेल. द्या इकडे."

मिश्या तपासल्या, तारांचे जोड तपासले, मण्यावर फुंकर घातली. दिवा लागला. सगळं ठीक. गाडी पुन्हा सोडली, तर पुन्हा खुर्चीपाशीच.

मग तिच्या पाठीवर रबराने बांधलेली मक्याच्या खाऊची हिरवी पिशवी दिसली. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे ती ठेवतात. मी काम करते त्या चिपच्या कारखान्यातही प्रत्येक यंत्रावर आहे. फक्त तिची मुदत संपू द्यायची नाही, नाहीतर यंत्र चाळे करतं.

"अहो बाबा, ही केव्हाच शिळी झालीय! एवढे मोठे लिफ्टवाले तुम्ही, आणि हे कळू नये?"

मला हायसंच वाटलं. खालच्या दुकानातून नवी घेऊन आले. जुनीचं रबर सोडायला गेले, तर बाबांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे, शू-फन. ठाऊक आहे मला. नवी बांधलीस तर नीट चालायला लागेल ती."

मी भंगारवाल्याला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. मग नवी पिशवी फोडली. आम्ही दोघं फरशीवर बसून तो नारळाच्या वासाचा खाऊ खात राहिलो. खुर्चीसमोरचा दिवा अजून लागलेलाच होता.